कंपाउंडपलीकडचा मका

पहिल्या वर्षी मी मका कंपाउंडच्या भिंतीला लागून लावला. एका ओळीत बारा रोपं, झेंडू लावतात तशी. साताऱ्यातलं आमचं परस म्हणजे एक सीताफळ, एक कढीपत्ता, धुणं वाळत घालायची तार आणि उरलेली जागा. त्या उरलेल्या जागेत ओळच बसत होती. पलीकडच्या घरातून नाना बघत होते. नानांनी जन्मभर शेती केलेली. आता मुलाकडे राहतात, पण दारात गाय आहे आणि घरामागे दोन गुंठे रान.

"वहिनी, ही शाळंची रांग कशापायी लावलीया?"

"जागा वाचते ना."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. नानांच्या 'बरं'चे अर्थ तेव्हा मला लागत नव्हते.

खरं तर पाकीट फोडलं तेव्हाच मला शंका आली होती. स्वीट कॉर्नचं बी म्हणून जे हातात पडलं ते सुकून चिपाड झालेलं, वर गुलाबी रंग चढवलेलं. गुलाबी ते बुरशीनाशक, म्हणून पेरल्यावर हात साबणाने धुवायचे. आणि सुरकुत्या हाच तर गोडव्याचा पुरावा. साध्या मक्यात साखरेचा स्टार्च होऊन दाणा टणटणीत भरतो. या मक्यात ते काम अर्धवट राहतं, साखर साखरच उरते आणि वाळल्यावर दाणा आत बसतो. म्हणजे ज्याला आपण चव म्हणतो तो मक्याच्या दृष्टीने बिघाड.

रोपं मात्र झोकात आली. मध्ये अमेरिकन लष्करी अळी येऊन गेली. ही 2018 साली भारतात पहिल्यांदा दिसली आणि तेव्हापासून मक्याच्या मागेच लागली आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी घाण दिसली की आत बाई बसलेल्या आहेत असं समजायचं. बारा रोपांना औषध कसलं मारायचं? रोज सकाळी चहाआधी अळ्या वेचल्या. मग तुरे आले, कणसांना केस फुटले, आणि गणपतीत पाहुण्यांसमोर मी कौतुकाने पहिलं कणीस सोललं.

आत बोळकं. इथे चार दाणे, तिथे दोन, मध्ये मोकळ्या हिरड्या. दुसरं सोललं, तेही तसंच. जाऊबाई म्हणाल्या, "बी जुनं असेल गं." त्यांचा स्वभाव चांगला आहे.

नानांना दाखवलं तेव्हा त्या जुन्या 'बरं'चा अर्थ कळला. "मका एकट्यादुकट्याला धरत न्हाई. घोळक्यात लावायचा."

मग मी वाचलं, आणि तेव्हापासून कणसाचे केस कचऱ्यात टाकताना हात जरा अडखळतो. त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. वर तुऱ्यातून लाखो परागकण सुटतात, त्यातला एक त्या केसावर पडतो, आणि तिथून त्याची बारीक नळी खाली दाण्यापर्यंत साधारण एका दिवसात पोचते. ज्या केसावर काही पडलं नाही त्याचा दाणा भरत नाही. मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, सगळा कारभार वाऱ्याचा. माझ्या ओळीवरून वारा आडवा वाहिला की पराग थेट नानांच्या गोठ्यात. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर तुरेही रिकामे झालेले, म्हणून शेंडे तर पारच बोडके.

दुसऱ्या वर्षी धुण्याची तार गच्चीवर गेली (यावर घरात दोन दिवस बोलणं झालं) आणि तिथे चार बाय चार अशी सोळा रोपं दाटीवाटीने उभी राहिली. शिवाय मी वाऱ्यावर विसंबून राहिले नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुरे कागदी पिशवीत झटकायचे आणि तो पिवळा भुगा केसांवर शिंपडायचा. नानांच्या सूनबाई एकदा बराच वेळ बघत उभ्या होत्या. काही विचारलं नाही त्यांनी. हळदीकुंकू चाललंय असं वाटलं असावं.

कणसं अशी भरली की काय सांगू. गॅसवर पाणी उकळायला ठेवूनच परसात गेले, कारण तोडल्याक्षणापासून गोडवा उतरायला लागतो. हल्लीच्या वाणांत तो बराच टिकतो म्हणतात, पण माझी घाई होती ती वाणासाठी नव्हतीच. मीठ घालून उकडलं, तूप लावलं, दात रोवले. पहिला घास साखर. दुसऱ्या घासाला दाताखाली निबर, पिठूळ, खुद्द मका. एकाच कणसावर दोन चवी.

एक कणीस स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळायला ठेवलं होतं, त्याने चोर पकडून दिला. बहुतेक दाणे सुरकुतले, पण मधूनमधून काही गुळगुळीत, टपोरे, गोटीसारखे राहिले. नानांनी त्या वर्षी गाईसाठी वैरणीचा आफ्रिकन टॉल मका पेरला होता, माझ्यानंतर जेमतेम आठवड्याने. तो नावासारखाच उंच, त्याचे तुरे आमच्या भिंतीवरून खाली बघत होते. त्याचा पराग ज्या केसावर पडला तो दाणा त्याच मोसमात साधा झाला. बिघाड लगेच दुरुस्त! खिडकीत बसून मी नानांचे दाणे मोजले. त्या कणसावर 14 रांगा होत्या (रांगा सहसा समच असतात, दाणे जोडीजोडीने धरतात म्हणून) आणि त्यात 61 दाणे पलीकडच्या घरचे.

कणीस घेऊन भिंतीपाशी गेले. नानांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि नेमका टपोऱ्या दाण्यांवर अंगठा ठेवला. "ह्यो खरा मका. बाकीचं तुमचं गुळमाट." भांडायला गेलेले मी हसत परत आले. पुढच्या वर्षी मागेपुढे पेरू, तुरे एका वेळी यायला नकोत, एवढं मात्र ठरलं.

मेक्सिकोत 9000 वर्षांपूर्वी एका रानगवतातून माणसाने हे पीक घडवलं. तेव्हापासून दाणे पाल्यात असे गच्च बांधलेले, की आपण सोलून पेरले नाहीत तर मका आपला आपण पसरूही शकत नाही. त्याला रोपांचा शेजार हवा, माणसाचा हवा, फक्त नानांच्या मक्याचा नको.

यंदा कालनिर्णयवर 24 जूनच्या चौकोनात मी 'मका' लिहिलं आहे. नानांच्या सूनबाईंनी काल भिंतीवरून सांगितलं, त्यांच्याकडे 16 जुलैच्या चौकोनात लिहिलंय, 'वैरण. वहिनींना इचारून.'