मला ते उत्तर हवं होतं

दर डिसेंबरात मी एक तरी ख्रिसमसची प्रेमकथा वाचते. शेवट काय होणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असतं आणि मला तो ठाऊक असलेलाच हवा असतो. त्यातून एकाच ऑफिसात चुरस असलेले नायक-नायिका म्हटल्यावर पुस्तक बाजूला ठेवणं मला शक्यच नव्हतं. यंदाचं तीन रात्रींत संपवलं. आज चौथा दिवस, तरी मनातली रुखरुख जात नाही.

गोष्ट अशी. जाहिरात कंपनी, वरची एकच जागा, दोन उमेदवार. बॉस दोघांना खेळणी बनवणाऱ्या एका क्लायंटकडे डोंगरातल्या गावी धाडतो. बर्फाचं वादळ, रस्ते बंद, लॉजमध्ये एकच खोली, खोलीत एकच पलंग. इथवर माझी काही तक्रार नाही. तो एकच पलंग मला मनापासून आवडतो.

तक्रार कामाची आहे. सव्वातीनशे पानांत ही दोघं काम करताना जवळजवळ दिसतच नाहीत. तो हुशार आहे, ती मेहनती आहे, असं लेखिका सांगते. पण त्याने लिहिलेली एखादी ओळ, तिने खोडलेला एखादा शब्द? काही नाही. ज्या प्रेझेंटेशनसाठी एवढा प्रवास, ते एका वाक्यात उरकलंय. मग ती त्याच्यावर जळते ती कशासाठी? तर त्याने आपली कल्पना चोरली, असा तिचा गैरसमज. एका ईमेलने मिटलं असतं. तो दोनशे पानं गप्प बसतो आणि का, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्याशी माझी चार वर्षं चुरस होती. प्रेमबिम नव्हतं, पण त्याची एक्सेल शीट मी नाव न बघता ओळखायची. बेरजेशेजारी ताळा करायला तो एक जादा कॉलम ठेवायचा, फिकट पिवळा. एकदा त्या कॉलमने माझी चूक पकडली. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या शीटमध्येही तो पिवळा कॉलम आला. इतकं बारकाईने आपण आपल्या माणसांकडेही बघत नाही. अशा बघण्यातून प्रेम उगवू शकतं, हे मला पटतं. म्हणून तर या गोष्टींची मला ओढ आहे.

१९४० सालच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ या सिनेमात हेच किती नेमकं आलंय! बुडापेस्टमधलं दुकान. झाकण उघडलं की गाणं वाजणारी सिगारेटची पेटी. तिथला विक्रेता, सिनेमाचा नायक क्रालिक म्हणतो, ही खपायची नाही. नोकरी मागायला आलेली क्लारा तीच पेटी गोळ्या-चॉकलेटची म्हणून एका बाईला तिथल्या तिथे विकते: दर वेळी गाणं वाजलं की गोड कमी खायची आठवण होईल! त्या एका विक्रीत दोघं कशी आहेत ते आपल्याला कळतं, आणि भांडण खरं वाटतं.

इथे मात्र शेवटी तो तिच्यासाठी आपला अर्ज मागे घेतो. मला हे फार लागलं. इतकी वर्षं राबलेल्या बाईला ती जागा भेट म्हणून का मिळावी? दोघांपैकी कुणाचं काम सरस होतं, हे आता तिलाही कधी कळणार नाही.

एक प्रसंग मात्र सुंदर आहे. लॉजमधली दिव्यांची जुनी माळ बंद पडते. एक दिवा गेला की सगळी विझते, तसली. तो एका टोकापासून एकेक दिवा काढून तपासत येतो. ती सरळ मधून सुरुवात करते. तो वैतागतो, तरी टॉर्च तिच्या हातावर धरतो. गेलेला दिवा तिलाच सापडतो, माळ पेटते. तो विचारतो, “मधूनच का?”

ती उत्तर द्यायला तोंड उघडते, आणि प्रकरण तिथेच संपतं. पुढच्या पानावर सकाळ झालेली असते.