न मागवलेली वाटी

इझाकायात, म्हणजे पिता-पिता खायच्या जपानी दुकानात, बसल्यावर पहिला पदार्थ समोर येतो तो आपण मागवलेलाच नसतो. गरम ओल्या टॉवेलाने हात पुसून होतात न होतात तोच प्रत्येकापुढे एकेक छोटी वाटी येते. कधी बटाट्याचं सॅलड, कधी मुरवलेली काकडी, कधी गोडसर रश्शात शिजवलेला मुळा. हिला ओतोशी म्हणतात आणि तिचे माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. जागेचं भाडं म्हणा हवं तर. आमच्यातला पुणेकर यावर अजूनही तत्त्वाचा प्रश्न काढतो: "मागवलं नव्हतं, तर पैसे का?" मला ती वाटी आवडते. त्या एवढ्याशा वाटीवरून आतल्या माणसाचा हात कळतो. जिथे तीच फ्रीजमधून काढून ढकललेली वाटते, तिथे मी पुढे कच्चा मासा मागवत नाही.

आमची टोळी जमते ती टोकियोतल्या युराकुचो स्टेशनाजवळ. शहराच्या पूर्वेला निशि-कासाईत राहणारे आम्ही तिघं मराठी तोझाई लाइनने ओतेमाचीपर्यंत येतो, तिथून चालत जातो. ऑफिसातली जपानी मैत्रीण परस्पर पोचते. १९१० साली सुरू झालेल्या या स्टेशनाच्या आसपास रुळांखालच्या विटांच्या कमानींमध्ये खाण्यापिण्याची दुकानं दाटीवाटीने बसली आहेत. डोक्यावरून गाडी गेली की ग्लास किणकिणतात, बोलणारा वाक्य अर्ध्यावर धरून ठेवतो आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलायला लागतो. कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा धूर कपड्यांत असा बसतो की दुसऱ्या दिवशी कोट बाल्कनीत टांगावा लागतो.

मेनू उघडायच्या आधी बिअर सांगून टाकायची, हा इथला रिवाज. काय खायचं हे नंतर सावकाश ठरतं. सगळ्यांचे ग्लास आल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. बाटली मागवली तर आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. त्यामुळे गप्पांत कितीही रंगलो तरी एक डोळा दुसऱ्याच्या ग्लासावर राहतो.

इथे मूळ मान दारूचा, खाणं तिच्या मागून आलेलं. टोकियोला एदो म्हणत त्या काळात दारूच्या दुकानातच बसून प्यायची पद्धत पडली. टोकियोच्या कान्दा नावाच्या भागातलं १५९६ साली सुरू झालेलं तोशिमाया हे दुकान दारूबरोबर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लावून भाजलेला तोफू विकायचं. म्हणूनच असेल, या जेवणाला मधोमध असं काही नसतं. आपल्या ताटात मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली, सगळं एकदम समोर आणि ताट ज्याचं त्याचं. इथे जे तयार होईल ते येतं, टेबलाच्या मधे ठेवलं जातं आणि सगळ्यांचं होतं. दोन काड्या याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेली कोंबडी, बशीभर एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, मग तासाभराने कुणाला तरी आठवतं म्हणून भाजलेला मासा. मागवणं संपतच नाही, त्यामुळे "झालं ना सगळ्यांचं?" असं विचारून उठायची वेळही येत नाही. मित्रांबरोबर बसायला याहून सोयीची रीत मला तरी माहीत नाही.

अर्थात सगळ्यांचं म्हटलं की भांडणं आलीच. काराआगे, म्हणजे तळलेली कोंबडी, लिंबाच्या फोडीसकट येते. ती फोड न विचारता सगळ्या बशीवर पिळायची की नाही, यावर जपानात कायमचे दोन तट आहेत. आमची जपानी मैत्रीण एरवी कशालाच नाही म्हणत नाही. पण कुणाचा हात लिंबाकडे गेला की तिचा चेहरा बदलतो.

पुणेकर शाकाहारी. त्याचं पोट एदामामे, लोणची आणि भाजलेल्या शिशितो मिरच्यांवर भरतं. गार तोफूवरसुद्धा सुक्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो, तो आधीच नको म्हणून सांगावा लागतो. रश्शात तर मासा दिसतही नाही, तो दाशीत, म्हणजे रश्शाच्या मूळ पाण्यात, मुरलेला असतो. शिशितो एरवी अगदी सपक, दहातली एखादी तिखट निघते म्हणतात. आमच्यातला कोल्हापूरकर तिच्या शोधात अर्धी बशी फस्त करतो, "तिखट म्हणत्यात व्हय ह्याला?" असं कुरकुरतो आणि ती नेमकी पुणेकराच्या वाट्याला येते.

ट्रेनमध्ये फोनवर अवाक्षर न बोलणारी टोकियोची माणसं इथे वाढणाऱ्याला "सुमिमासेऽऽन", म्हणजे "अहो, जरा इकडे", अशी खणखणीत हाक मारतात. साखळीवाल्या इझाकायांत आता टॅबलेटवर बोट टेकवून ऑर्डर देतात. ते सोयीचं आहे, पण मला नाही आवडत. शांत बसून ऑर्डर द्यायची तर घरी काय वाईट?

शेवटच्या गाडीची चर्चा सुरू झाली की भात येतो: चहा किंवा दाशी ओतलेला ओचाझुके, नाहीतर ओनिगिरी, म्हणजे भाताचा भाजलेला गोळा. बिलाचे सरळ चार भाग. टीप नाही. न पिणाऱ्या पुणेकराला इथे दुसरा तत्त्वाचा प्रश्न पडतो, म्हणून त्याचा वाटा आम्ही थोडा कमी करतो.

तोवर बशीत काराआगेचा एकच तुकडा उरलेला असतो. इथल्या रीतीने तो कुणीच उचलत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला "घ्या ना, घ्या ना" करतो. बशी न्यायला आलेला मुलगाही घुटमळतो. कोल्हापूरकर त्यावर अख्खं लिंबू पिळतो, तोंडात टाकतो आणि विचारतो, "अजून एक प्लेट सांगू का?"