बोरूने काढलेली लावणी

दिवाडी, आषाढातला रविवार

आज सकाळी जुने गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आलो आणि पावसाने उघडीप दिली तेवढ्यात खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधावर बसून भाताच्या लावणीची दोन रेखाटने केली. पहिले फसले. निबाच्या साऱ्या रेषा एकाच जाडीच्या उतरल्या आणि त्यामुळे बाया शेतात वाकलेल्या न दिसता कागदावर चिकटवल्यासारख्या दिसू लागल्या.

दुसऱ्या वेळी बोरू, म्हणजे तासून केलेली पोकळ काडीची लेखणी, घेतला. चित्रकार व्हॅन गॉग यांनी १८८८ साली फ्रान्समधल्या आर्लमध्ये असेच बोरू तासून मोंमाजूरच्या टेकडीवरून दिसणारी शेते केवळ ठिपक्यांनी आणि तुटक रेघांनी उभी केली होती, आणि ती चित्रे पाहिल्यापासून मला आपल्या शेतीसाठी हेच साधन योग्य वाटत आले आहे. बोरूत शाई फार थोडी मावते. रेषा गच्च सुरू होते आणि हात पुढे सरकतो तशी कोरडी पडत जाते. मानेपासून कमरेपर्यंत एका दमात ओढलेली पाठ अशी विरत गेली, तेव्हा कुठे तिच्यात थकवा उतरला.

बाया मागे सरकत तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावतात, म्हणून त्यांच्यासमोर बारीक उभ्या रेघांची दाटी झाली आणि मागे नुसते पाणी उरले. ते पाणी मी काढलेच नाही, कागद कोरा ठेवला. कडेला बांध मात्र जाड, काळा केला, कारण त्याच्यापलीकडे मांडवीचे खारे पाणी असते आणि भरती चढली की पाण्याच्याच दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे मिटतात म्हणून हे भात जगते. टेकडीवरचे चर्च समोर दिसत होते, पण ते मुद्दाम वगळले. ते आले की चित्र गोव्याचे म्हणून लगेच ओळखू येते, आणि राबणाऱ्या बाया त्याच्या पायाशी शोभेपुरत्या उरतात. हे मला सहन होत नाही.

न्याहारीसाठी बांधावर आलेल्या एका वयस्क बाईने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारले, “बाब, दाव्या हातांतली जुडी खंय?” मी सगळ्यांचे उजवे हातच काढले होते. डावे कोपर गुडघ्यावर टेकवून त्या जुडी धरतात, आणि त्या टेकूवरच दिवसभराचे वाकणे निभावते. शाई खोडता येत नाही. उद्याचे रेखाटन कोपरापासून सुरू करणार आहे.