अर्लपद सोडायचं तर नेमकं काय करावं लागतं

ॲलेक डग्लस-ह्यूम यांचं आडनाव मराठीत बहुतेक ठिकाणी ‘होम’ असं लिहिलेलं दिसतं. स्पेलिंग तसंच आहे, उच्चार मात्र ह्यूम. हुजूर पक्षाचे हे उमराव १९ ऑक्टोबर १९६३ ते १६ ऑक्टोबर १९६४ असे ३६३ दिवस ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्याविषयी लिहिताना ‘पदवीचा त्याग करून पंतप्रधान झाले’ असं एका वाक्यात उरकतात. ही पदवी म्हणजे अर्ल, वंशपरंपरेने मिळणारं उमरावपद. खरी गंमत त्या त्यागाच्या कलमांत आहे.

जन्म २ जुलै १९०३, लंडनचा. १९१८ मध्ये वडील तेरावे अर्ल ऑफ ह्यूम झाले आणि हे ‘लॉर्ड डनग्लास’ म्हणवले जाऊ लागले. इथे पुष्कळजण गोंधळतात: लॉर्ड असून हा माणूस १९३१ मध्ये लॅनार्कमधून हाउस ऑफ कॉमन्सवर, म्हणजे लोकांनी निवडलेल्या खालच्या सभागृहावर, निवडून आला कसा? तर अर्लच्या थोरल्या मुलाला वडिलांची एखादी दुय्यम पदवी केवळ शिष्टाचार म्हणून लावता येते. कायद्याच्या लेखी तो सामान्य नागरिकच. त्यामुळे डनग्लास खासदार झाले, पुढे पंतप्रधान झालेल्या चेंबरलेन यांचे संसदीय खासगी सचिव झाले, १९३८ मध्ये त्यांच्याबरोबर हिटलरशी वाटाघाटींसाठी म्युनिकलाही गेले. १९४० मध्ये मणक्याचा क्षय निघाला. ऑपरेशन झालं आणि जवळजवळ दोन वर्षं प्लास्टरमध्ये उताणं पडून काढावी लागली. १९४५ ला जागा गेली, १९५० ला परत मिळाली. आणि जुलै १९५१ मध्ये वडील वारले.

त्याच क्षणी खासदारकी संपली. राजीनामा नाही, नोटीस नाही. वारस पदवी ‘स्वीकारत’ नसे. ती अंगावर येऊन पडत असे आणि ती झटकायची कायद्यात सोयच नव्हती. पुढची बारा वर्षं ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहात. १९५५ पासून राष्ट्रकुल खातं, १९६० पासून परराष्ट्र खातं. परराष्ट्रमंत्री लॉर्ड्समध्ये बसलेला, म्हणून कॉमन्समध्ये उत्तरं द्यायला एडवर्ड हीथ यांची नेमणूक करावी लागली. पंतप्रधानपद तर विचारातही नव्हतं. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला ठाऊक असलेले कर्झनसाहेब १९२३ मध्ये त्या खुर्चीच्या अगदी जवळ जाऊन मागे राहिले, त्याचं एक मोठं कारण त्यांचं लॉर्ड्समध्ये असणं हेच होतं.

दार उघडलं ते मजूर पक्षाच्या एका हट्टी माणसाने. टोनी बेन यांचे वडील, व्हायकाउंट स्टॅन्सगेट, नोव्हेंबर १९६० मध्ये वारले आणि बेन यांची जागा अशीच गेली. ते पोटनिवडणूक पुन्हा लढले, जिंकलेही. निवडणूक न्यायालयाने जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. या तमाशातून ३१ जुलै १९६३ चा पीअरेज ॲक्ट आला.

कायद्याची रीत अशी. कायदा लागू होताना ज्यांच्याकडे वंशपरंपरागत पदवी होती त्यांना ती सोडायला बारा महिने. पुढे ज्यांना वारसाने मिळेल त्यांनाही बारा महिने. पण वारस त्या वेळी खासदार असेल तर फक्त एक महिना (ही अट १९९९ पर्यंत होती). ठरावीक नमुन्यातला लेख लॉर्ड चॅन्सेलरकडे द्यायचा. एकदा दिला की परत घेता येत नाही. पदवी मात्र नष्ट होत नाही. सोडणाऱ्याच्या हयातीपुरती निद्रिस्त राहते आणि मृत्यूनंतर वारसाकडे जाते. ह्यूम यांच्या बाबतीत नुसतं अर्लपद सोडून भागलं नसतं. अर्लपद स्कॉटलंडचं, १६०५ चं. शिवाय १८७५ ची बॅरन डग्लस ही पदवीही घराण्यात होती. यातली एक जरी राहिली असती तरी कॉमन्सचं दार बंदच.

आणखी एक बारकावा, माझ्या मते सगळ्यांत मोठा. मूळ विधेयक पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू होणार होतं. लॉर्ड्सनी दुरुस्ती करून ते मंजुरीबरोबर लागू केलं. ही दुरुस्ती झाली नसती तर ऑक्टोबर १९६३ मध्ये ह्यूम यांचं नाव पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान मॅकमिलन प्रोस्टेटच्या दुखण्याने इस्पितळात गेले. पक्षात तेव्हा मतदान नव्हतं. मंत्री आणि खासदारांचा कानोसा घेतला जाई. कोण हवा याइतकंच कोण अजिबात नको हेही विचारलं गेलं, आणि नको म्हणणारे ह्यूम यांना सर्वांत कमी होते. १८ तारखेला राणी इस्पितळात आली. ह्यूम यांनाही आधी एवढंच सांगण्यात आलं की सरकार बनतं का बघा. पदाचे दुसरे दावेदार रॅब बटलर यांनी होकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी नेमणूक पक्की झाली. मावळत्या मंत्रिमंडळातल्या मॅक्लाउड आणि पॉवेल यांनी मंत्रिपद नाकारलंच.

२३ ऑक्टोबरला पदव्या सोडल्या. १९६२ मध्ये मिळालेला थिसल हा सरदारी किताब वारशाचा नव्हता, तो राहिला. म्हणून ‘लॉर्ड’चे ‘सर ॲलेक’ झाले. आता पंतप्रधान कुठल्याच सभागृहाचा सदस्य नाही! आपल्याकडे यासाठी घटनेत सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तिथे नुसता संकेत. संसदेचं अधिवेशन १२ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं. किनरॉस आणि वेस्ट पर्थशरमध्ये पोटनिवडणूक होतीच, तिथला पक्षाचा उमेदवार बाजूला झाला आणि ७ नोव्हेंबरच्या मतदानात सर ॲलेक ९,३२८ मतांनी निवडून आले.

मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन त्यांना ‘चौदावे अर्ल’ म्हणून डिवचत. यांचं उत्तर: विचार केला तर विल्सनही चौदावे मिस्टर विल्सनच असतील. हजरजबाबीपणा होता, पण आर्थिक कागद वाचताना काड्यापेटीतल्या काड्या मांडून मुद्दे समजून घेतो, असं त्यांनी १९६२ मध्ये एका मुलाखतीत सांगून ठेवलं होतं. ते विरोधकांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये मजूर पक्ष ३१७, हुजूर पक्ष ३०४. इतका चुरशीचा पराभव पाहता त्यांची थट्टा जरा जास्तच झाली.

प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले ते एकमेव ब्रिटिश पंतप्रधान. १० सामने, १४७ धावा, १२ बळी.

कानोसा घेऊन निवडल्या गेलेल्या याच माणसाने १९६५ मध्ये पक्षनेत्यासाठी खासदारांच्या मतदानाचे नियम आणले, आणि जुलैमध्ये स्वतः पायउतार झाला. पहिल्याच मतदानात हीथ १५०, मॉडलिंग १३३, पॉवेल १५. हीथ यांच्याच मंत्रिमंडळात ते १९७० ते १९७४ पुन्हा परराष्ट्रमंत्री होते. १९७१ मध्ये १०५ सोव्हिएत अधिकाऱ्यांना ब्रिटनचं दार बंद करण्याचा निर्णय त्या काळातला.

१९७४ च्या अखेरीस ते लॉर्ड्समध्ये परतले, पण बॅरन ह्यूम ऑफ द हर्सेल या नव्या, तहहयात पदवीने. जुनं अर्लपद सोडलेलं ते सोडलेलंच. ते जागं झालं ९ ऑक्टोबर १९९५ ला, ह्यूम वारले तेव्हा, आणि त्यांचा मुलगा डेव्हिड पंधरावा अर्ल झाला.