पटावरचा शेवटचा शिपाई

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं कपाट उघडं दिसलं की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: युद्धाचे हे मिनिएचरवाले, म्हणजे छोट्या पुतळ्यांचे बोर्ड गेम, यांतला सगळ्यात आवडता कोणता, आणि घेऊन पस्तावलीस असा कोणता? उभ्या उभ्या मी दोन नावं सांगून मोकळी होते. पण ते उत्तर माझं मलाच अपुरं वाटतं, कारण त्यात 'का' येत नाही. म्हणून आज जरा बसून लिहितेय.

आवडता सांगायला मला विचार करावा लागत नाही. मेमॉयर ४४. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला हा खेळ 2004 साली आला, दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईला 60 वर्षं झाली त्या वर्षी. षटकोनी घरांचा पट, त्याचे तीन भाग: डावी बाजू, मध्य, उजवी बाजू. हातात पत्ते असतात आणि कुठल्या भागातल्या किती तुकड्यांना हुकूम देता येईल ते पत्ता ठरवतो. पायदळाच्या तुकडीत 4 शिपाई, रणगाड्यांच्या तुकडीत 3 रणगाडे, तोफखान्यात 2 तोफा. फाशावर आकडे नाहीत. दोन बाजूंवर शिपाई, एकीवर रणगाडा, एकीवर हातबॉम्ब, एकीवर निशाण, एकीवर तारा. समोर पायदळ असेल तर शिपाई किंवा हातबॉम्ब पडला की एक शिपाई उचलायचा, निशाण पडलं की तुकडी एक घर मागे. नियम एवढ्यात जवळजवळ संपले.

ताईच्या मुलीला मी हा खेळ शिकवला तो पेगासस पुलाच्या लढाईपासून. पुस्तिकेत पहिलीच ती आहे. भाची दोस्त राष्ट्रांकडून खेळत होती, मी जर्मनांकडून. तिच्या हातात 6 पत्ते, माझ्या हातात 2. पहिली खेळी तिची. "तुला इतके कमी का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कारण माझी माणसं झोपेत आहेत. मध्यरात्र उलटलीय आणि तुझी बिनइंजिनाची ग्लायडर विमानं आवाज न करता उतरलीत." तिने पत्त्यांकडे पाहिलं, मग पटाकडे पाहिलं. बेसावध असणं म्हणजे काय, हे दोन पत्त्यांत कळावं, अशी रचना मला दुसरीकडे फार थोडी दिसली आहे.

डाव निम्म्यावर आला तेव्हा तिच्या उजव्या बाजूच्या एका तुकडीत एकच शिपाई उरला होता.

"मावशी, हा एकटा राहिला. आता याला एकच फासा ना?"

"नाही गं. तीन. शत्रू लागून असेल तर तीनच. चौघं होते तेव्हाही तीन, आता एकटा आहे तरी तीन."

"मग याचे मित्र मेले त्याने काय फरक पडला?"

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात आणि काही जण एवढ्यावरून खेळ बाजूला ठेवतात. फरक पडतो तो असा: पदक, म्हणजे जिंकण्यासाठीचा गुण, मिळतं तुकडीतला शेवटचा शिपाई उचलला की. त्याच्या आधीच्या तिघांचं पदक नाही. म्हणजे तो एकटा शिपाई पूर्ण ताकदीने लढू शकतो, आणि त्याच वेळी शत्रूच्या हाती पदक पडायला तो एकटाच कारण ठरू शकतो. त्याला पुढे घालायचं की मागे आणायचं? हे तिला मी सांगितलं नाही. तिने स्वतःच बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाली, "याला मागे आणते," आणि पत्ते चाळले. उजव्या बाजूचा एकही पत्ता तिच्या हातात नव्हता. तो तिथेच उभा राहिला. माझ्याकडे त्या बाजूचा पत्ता होता. मी तीन फासे टाकले: तारा, रणगाडा, निशाण. निशाणामुळे तो एक घर मागे गेला. तिला जे करायचं होतं ते माझ्या फाशाने केलं! तिने टाळी वाजवली, आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला.

त्या पुलाची खरी गोष्ट मी तिला नंतर सांगितली. 6 जून 1944, रात्री बारा वाजून काही मिनिटं. फ्रान्समधल्या काँ शहराच्या कालव्यावर, बेनुव्हील गावाजवळ, मेजर जॉन हॉवर्ड यांच्या तुकडीची तीन ग्लायडर पुलाला अगदी लागून उतरली आणि दहा-एक मिनिटांत पूल ताब्यात आला. पूल ओलांडताना लेफ्टनंट डेन ब्रॉदरिज यांना गोळी लागली. त्या दिवशी शत्रूच्या गोळीने पडलेले दोस्तांचे ते पहिले सैनिक मानले जातात. पटावर उचलून बाजूला ठेवलेला शिपाई हा कोणीतरी होता, एवढं तिला कळावं असं मला वाटलं. ती काही बोलली नाही. पण पुढच्या डावापासून मेलेले शिपाई डब्यात टाकायच्या ऐवजी ती ओळीने उभे करते.

तर हा माझा 'का' आहे. मिनिएचरच्या खेळाला मी एकच गोष्ट विचारते: या पुतळ्यांच्या जागी शर्टाची बटणं ठेवली तर काय बिघडेल? मेमॉयरमध्ये तुकडीत किती माणसं उरली ते टेबलाच्या पलीकडून दिसतं आणि ते दिसण्यावरच डोक्यातला हिशोब चालतो. बटणांनी तो हिशोब होईलही कदाचित, पण एकट्या बटणाला मागे आणावं असं कोणाला वाटणार नाही.

या कसोटीवर सगळ्यात आधी माझ्या मनातून उतरला तो रिस्क. अल्बेर लामोरिस यांनी काढलेला हा 1957 सालचा खेळ पुष्कळांचा पहिला युद्धखेळ असतो, माझाही होता. 42 प्रदेश, फासे, जगाचा नकाशा. लहानपणी मला त्यातली तोफ फार आवडायची आणि मी ती राखून ठेवायचे, मोठ्या लढाईसाठी. मग एकदा दादाने नियम वाचून दाखवला: घोडेस्वार म्हणजे पाच शिपाई, तोफ म्हणजे दहा शिपाई. बस. तोफ लांबून मारत नाही, घोडा जास्त धावत नाही. तोफ म्हणजे दहाची नोट, सुट्टे करून घ्यायची. त्या दिवशीची निराशा मला अजून आठवते. खेळ म्हणून रिस्कचा हिशोब मात्र चांगला आहे हेही सांगायला हवं. हल्ला करणारा तीन फासे आणि बचाव करणारा दोन फासे टाकतो तेव्हा सुमारे 37 टक्के वेळा बचावाचे दोन्ही जातात, 29 टक्के वेळा हल्ल्याचे दोन्ही जातात आणि उरलेल्या 34 टक्क्यांत एकेक. बरोबरी झाली तर बचाव जिंकतो, तरीही मोठ्या फौजेने हल्ला करणं फायद्याचं ठरतं. त्यामुळे खेळ अडून राहत नाही. पण जो हरतो तो दोन-दोन तास बाजूला बसून राहतो, आणि हे मला आज कोणाही पाहुण्यावर लादवत नाही.

ॲक्सिस अँड अलाईजबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. लॅरी हॅरिस यांचा हा खेळ मोठ्या डब्यात 1984 साली आला. दुसऱ्या महायुद्धातल्या पाच सत्ता, साऱ्या जगाचा नकाशा, आणि पायदळ, रणगाडे, लढाऊ विमानं, बॉम्बफेकी विमानं, पाणबुड्या, युद्धनौका. इथे पुतळ्याचा आकार म्हणजे नियम आहे. पायदळ हल्ला करताना 1 पडला तरच मारतं, बचावात 1 किंवा 2 पडला तरी मारतं. बॉम्बफेकी विमान उलट: हल्ल्यात 4 पर्यंत, बचावात फक्त 1. लढाई लागली की पुतळे नकाशावरून उचलून वेगळ्या लढाईच्या पुठ्ठ्यावर मांडायचे, ज्याचा जो आकडा त्या रकान्यात. आणि या खेळातला माझा सगळ्यात लाडका क्षण तिथेच येतो. हल्ला करणाऱ्याचे फासे पडले की बचावाचे मेलेले पुतळे लगेच काढत नाहीत. ते रेषेच्या मागे सरकवायचे, त्यांनी आपली शेवटची फेरी झाडायची, आणि मग उचलायचे. कोण मरणार हे ज्याचं सैन्य तोच ठरवतो. सगळे जण पायदळ पुढे करतात, कारण ते सगळ्यात स्वस्त, खेळातल्या 3 पैशांचं. तोफेच्या तोंडी कोणाला द्यायचं हे स्वतःच्या बोटांनी ठरवायला लागणं मला अजूनही अवघड जातं, आणि ते अवघड जावं असंच मला वाटतं.

त्याचे दोष मोठे आहेत. डाव अख्खा दिवस खातो. दोन्ही बाजू पायदळाचे ढीग लावत जातात, ढिगात पुतळे संपतात म्हणून त्यांच्याखाली चकत्या येतात, आणि एका शिपायाखाली लाल चकत्यांची चळत उभी राहिली की तो पुतळा राहत नाही, पुन्हा नोट होतो. नव्या शस्त्रांचा नियम तर त्या पहिल्या डब्यात सरळ लॉटरी होता: 5 पैसे भरून एक फासा, 6 पडला तर नवं शस्त्र. कोणाला जड बॉम्बफेकी विमानं लागली की त्याचं प्रत्येक विमान एकाऐवजी तीन फासे टाकतं, आणि चार तास जपून उभारलेली आघाडी एका फेरीत विरघळते. आम्ही तो नियम घरी काढूनच टाकला. तरीही वर्षातून एक दिवस आम्ही चौघं-पाच जण यासाठी राखून ठेवतो.

विमानांचा विषय निघालाच आहे तर विंग्ज ऑफ ग्लोरी. आधी त्याचं नाव विंग्ज ऑफ वॉर होतं. पहिल्या महायुद्धातली विमानं, रंगवूनच येतात, पट लागत नाही. प्रत्येक विमानाचा स्वतःचा पत्त्यांचा संच असतो. पत्ता विमानाच्या नाकासमोर ठेवायचा आणि विमान त्या पत्त्यावरच्या बाणाच्या टोकाशी नेऊन ठेवायचं. सॉपविथ कॅमल हे विमान त्याच्या फिरत्या इंजिनामुळे उजवीकडे झपकन वळायचं. हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण समजलं नव्हतं. समजलं ते विमान टेबलावर बोटांत धरून वळवताना. शत्रू आपल्या पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून आपण पत्ते आधीच पालथे ठेवलेले असतात, आणि उलगडल्यावर दोघंही एकमेकांना ओलांडून भलतीकडे तोंड करून उभे. नवख्या माणसाला दहा मिनिटांत येतो. याच्याबद्दल माझी काही तक्रारच नाही.

आता पस्तावण्याबद्दल. टाइड ऑफ आयर्न या खेळाची कल्पना मला इतकी पटली होती की तो नावडला याचं वाईट वाटतं. तुकडीच्या बैठकीला, म्हणजे पुतळ्यांखालच्या तळाला, चार भोकं. प्रत्येक भोकात एक सैनिक बसवायचा, मशीनगनवाल्यांना दोन भोकं लागतात. म्हणजे तुकडी कशाची बनली आहे ते डोळ्यांनी दिसतं. माझ्या बटणांच्या कसोटीवर हा पहिला यायला हवा होता. पण माझ्या संचात काही खुंट्या इतक्या घट्ट की शिपाई बसवताना अंगठा दुखायचा, काही इतक्या सैल की तुकडी उचलली की माणसं गळायची. मांडायला तास, मोडायला अर्धा तास, आणि मधला खेळ चांगला असूनही त्याला बोलावणं होईना. मी तो एका मित्राला दिला. त्याने सगळे सैनिक बैठकींना कायमचे चिकटवून टाकले आणि तो आनंदाने खेळतो.

खरी निराशा मात्र एका खेळाने केली ज्याचं नाव मी घेणार नाही. लोकांकडून आगाऊ पैसे जमवून काढलेला तो खेळ होता. दोन वर्षं वाट पाहिली. डबा आला तेव्हा शंभरावर पुतळे, एकेकाच्या चिलखताची कडीन् कडी कोरलेली. तलवारी वाकलेल्या होत्या. ते मला येतं: गरम पाण्यात बुडवायचं, बोटाने सरळ करायचं, लगेच थंड पाण्यात धरायचं. एक अख्खी संध्याकाळ मी ते केलं, फार प्रेमाने केलं. मग खेळायला बसलो तर कळलं की लढाई पूर्णपणे पत्त्यांवरच्या आकड्यांची आहे. पुतळ्यांची तोंडं कुठेही असोत, कोण कोणाच्या मागे असो, काही फरक नाही. वरून पाहिल्यावर सात प्रकारचे योद्धे सारखेच दिसायचे, त्यामुळे प्रत्येक चालीला कोणीतरी पुतळा उचलून न्याहाळायचं. दुसऱ्या डावात आम्ही खरोखर बटणं घेतली. खेळ जास्त वेगाने झाला.

न्याहाळण्याची ही अडचण वॉर ऑफ द रिंगमध्ये, म्हणजे टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या खेळातही आहे. दोनशेहून जास्त पुतळे, पण रंग बाजूचा, राष्ट्राचा नाही. म्हणून मी सगळ्यांच्या बैठकीच्या कडा राष्ट्रानुसार रंगवल्या, बारीक ब्रशने, तीन रविवार. हे मी तक्रार न करता केलं, कारण त्या खेळात एक नियम आहे ज्यासाठी मी आणखी तीन रविवार देईन. अंधाराच्या बाजूचा मेलेला सैनिक परत राखीव साठ्यात जातो आणि पुन्हा भरती होतो. प्रकाशाच्या बाजूचा मेला की डब्यात, कायमचा. समोरच्याचा साठा कधी आटत नाही आणि आपला प्रत्येक पुतळा मोजका, हे पहिल्या तासात जाणवत नाही. तिसऱ्या तासात जाणवतं, तेव्हा मी एकेक निळा पुतळा डब्यात ठेवताना थांबते.

ताईची मुलगी येत्या सुट्टीत यायची आहे. या वेळी मेमॉयरमधली नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याची लढाई मांडायचं ठरलंय. दोस्तांना तिथे फार कठीण जातं, म्हणून तो डाव दोनदा खेळायचा, बाजू बदलून, आणि दोन्ही डावांची पदकं एकत्र मोजायची. तिने आत्ताच कळवलंय की पहिल्यांदा दोस्त तिचे.