लुझॉनच्या एका उतारावरचे शेजारी

एकाच जंगलात उंदरांच्या अनेक जाती एकमेकींच्या तोंडचा घास न पळवता कशा नांदतात, या प्रश्नाचे मला सर्वांत पटलेले उत्तर फिलिपिन्समधील लुझॉन बेटावर मिळते. लॉरेन्स हीनी, दानिलो बालेते, एरिक रिकार्ट हे सस्तन प्राण्यांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील डोंगर वर्षानुवर्षे पिंजून काढले. २०१६ मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार, वटवाघळे वगळता बेटावर सस्तन प्राण्यांच्या ५६ मूळ जाती असून त्यांपैकी ५२ जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सापळ्यातले आमिष. काही सापळ्यांत पीनट बटर लावलेले तळलेले खोबरे असे, तर काहींत जिवंत गांडुळे. बिया आणि किडे दोन्ही खाणारे अपोमिस उंदीर खोबऱ्यालाही भुलत; पण लांब निमुळत्या तोंडाचा, इवल्याशा दातांचा रिंकोमिस गांडुळांसाठीच येई. पालापाचोळ्यात स्वतःच्या वाटा राखून तो त्यांवरून गांडुळे टिपत फिरतो, तर पाठीवर पट्टा असलेला क्रोटोमिस तीच गांडुळे माती उकरून मिळवतो. अन्न तेच असले तरी ते मिळवण्याची रीत निराळी असल्यामुळे दोघांचेही भागते. चिमुकला सोरिकोमिस तर दिवसाढवळ्या हिंडतो, जेव्हा अपोमिस झोपलेले असतात. नुसते खोबरे ठेवले असते, तर यांतले काही रहिवासी नोंदलेच गेले नसते.

झाडांच्या शेंड्यांवरचे जग त्याहून अवघड आहे. कार्पोमिस मेलानुरस हा वृक्षवासी उंदीर १८९६ नंतर थेट २००८ मध्ये, पुलाग पर्वतावर पुन्हा हाती लागला.

आपल्या घरांत वावरणारी चिचुंद्री माणसाबरोबर लुझॉनलाही पोहोचली आहे. मात्र ती आणि परके उंदीर वस्ती आणि शेतीच्या आसपासच अधिक आढळतात. जुन्या जंगलात, जिथे मूळच्या जातींची दाटी आहे, त्यांना सहसा शिरकाव मिळत नाही. म्हणूनच, ‘या मूळ जाती नाजूक असतात’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. १९९१ च्या उद्रेकाने उजाड झालेल्या लुझॉनवरील पिनातुबो ज्वालामुखीच्या उतारांवर पुढे सर्वेक्षण झाले, तेव्हा तेथे सर्वाधिक संख्येने सापडला तो अपोमिस साकोबियानस, ज्याचा तोवर १९५६ मधला एकच नमुना विज्ञानाला ठाऊक होता.