आमची वाटचाल : गाडीच्या चाकापासून रायफलच्या दस्त्यापर्यंत

चोपड्यातलं आमचं सुतारकाम आजोबांपासूनचं. बाभळीची चाकं, तिफणी, वखरं. पोळ्याच्या आधी दुरुस्तीच्या गाड्यांनी अंगण भरून जायचं. ट्रॅक्टर आले, लोखंडी औतं आली, तसे वडील दारं-खिडक्या आणि दिवाण करू लागले. मीही तेच करत राहिलो असतो.

२०१३च्या उन्हाळ्यात धुळ्याहून एक सर त्यांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी एअर रायफल खेळायची. रायफल जुनी घेतलेली, दस्ता (खांद्याला लावायचा, गाल टेकायचा लाकडी भाग) मोठ्या माणसाच्या मापाचा. ती उभी राहिली, रायफल खांद्याला लावली आणि म्हणाली, "काका, गाल टेकतच नाही." मान पुढे ताणून तिला नेम धरायच्या भोकातून बघावं लागत होतं. १० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी काम घेतलं आणि दिवाणाच्या हिशेबाने ६,००० रुपये सांगितले.

तो दस्ता फुटला. वाळलेलं म्हणून घेतलेलं सागवान आतून ओलं होतं. आपल्याकडचा मे महिना, पारा ४५च्या घरात. तीन आठवड्यांत मुठीमागच्या बारीक भागात, ज्याला आम्ही मनगट म्हणतो तिथे, चीर गेली. व्यापाऱ्याला बोल लावून काय उपयोग? लाकडाच्या रेषा त्या जागी आडव्या जात होत्या, ते माझ्याच डोळ्यांतून सुटलं होतं. रेषा मनगटातून लांब, सरळ धावल्या पाहिजेत. दुसरा दस्ता पदरमोड करून दिला. सर पैसे देत होते, मी घेतले नाहीत.

तिथून आम्ही हे काम शिकायला लागलो. अंजन वापरून पाहिलं. आपल्या रानातलं, कणखर, पण पाण्यात बुडेल इतकं जड. आणि स्पर्धेत एअर रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही. शिसमही जडच पडतं. सागवान चालतं, पण त्यातल्या रेतीमुळे पटाशीची धार अर्ध्या दिवसात जाते आणि तेलकटपणामुळे चिकटवलेला जोड लवकर धरत नाही. अक्रोड मात्र या कामासाठीच जन्मलेलं लाकूड आहे. हलकं, चिवट, कानस फिरवली की लोण्यासारखं उतरतं.

आज अक्रोडाच्या दस्त्याचे आम्ही २४,००० रुपये घेतो. पुष्कळ जण चमकतात. मागच्या वर्षी शिरपूरचे एक आप्पा म्हणाले, "इतला पैसा नुसता लाकूडना? एवढ्यात दोन दिवाण होतील, भाऊ!" त्यांना बसवून चहा दिला आणि वही उघडून दाखवली. फळीचे भाड्यासकट ७,०००. हाताचं काम ७० तासांचं, तासाला १८० रुपये धरून १२,६००. बट प्लेट (खांद्याशी टेकणारी मागची पट्टी), बोल्ट, एपॉक्सी चिकट, तेल यांचे २,४००. उरलेले २,००० अशा फळ्यांचे, ज्या अर्ध्यावर गाठ किंवा चीर निघाली म्हणून बाजूला पडतात. सागवानात हाच दस्ता १९,०००ला बसतो. आप्पांनी सागवानाचा घेतला.

सत्तर तास कुठे जातात, ते एकदा येऊन बघावं. पहिला दिवस नुसत्या मापाचा. हाताची लांबी, मानेची उंची, गालाचं हाड, बोट ट्रिगरवर कुठे पडतं. मग रायफलचा लोखंडी भाग लाकडात बसवायचा. काजळ तेलात कालवून लोखंडाला पुसायचं, भाग खाचेत ठेवून हलकेच दाबायचा, उचलायचा. जिथे काळा डाग उमटला तेवढंच लाकूड पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. असं शंभर-दीडशे वेळा, डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत. इथे घाई केली तर लोखंड एका कडेवर टेकतं आणि नेम रोज वेगळा लागतो. शेवटी जवसाच्या तेलाचे हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन, तीन आठवडे. ते दिवस आम्ही तासांत धरत नाही.

काडतुसाच्या बंदुकीचं काम आम्ही घेत नाही, ओळखीचा माणूस आला तरी. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो; तो आमच्याकडे नाही. ज्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तिचाच दस्ता आम्ही करतो.

२०२४मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, त्यानंतर चौकशा वाढल्या. वरच्या पातळीवर आता ॲल्युमिनियमचे दस्ते चालतात, हे मी प्रत्येक पालकाला आधी सांगतो. पण मूल वाढत्या वयाचं असेल तर लाकूड सोयीचं. त्या धुळ्याच्या मुलीचा दस्ता आम्ही दोनदा लांब केला, पाठीमागे पातळ पट्ट्या घालून.

वर्षाला दहा-बारा दस्ते होतात, त्याहून जास्त नाही. बाकी घर अजून दारं-खिडक्यांवरच चालतं. माळ्यावर सहा फळ्या उभ्या आहेत, प्रत्येकीवर खडूने आणल्याचं साल लिहिलंय. २०२३च्या दोन फळ्यांची ओल परवा यंत्राने पाहिली, १२ टक्क्यांवर आली आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्या खाली काढू.